खरखरमास्तर आणि माझी फुंकर

आवाज काढणारे लोक पुष्कळ असतात. माझे भावोजी आवाज काढून टाकतात. गेली एकोणीस वर्षं आमच्या तळघरातल्या क्लबात साउंडचं काम त्यांच्याकडे आहे. गाणाऱ्याच्या माईकमधली शिट्टी, गिटारच्या केबलमधली खरखर, स्पीकरच्या पोटातली गुणगुण, असं जे जे कुणी मागितलेलं नाही ते हुडकून घालवून देणं हा त्यांचा धर्म. क्लबातली मंडळी त्यांना खरखरमास्तर म्हणतात. तोंडावर नुसतं मास्तर.

मी त्यांचा मेहुणा. ताईचा धाकटा भाऊ, आणि क्लबाच्या दारात स्टुलावर बसून आत येणाऱ्यांच्या मनगटावर शिक्का मारणारा माणूस. ही नोकरी मला भावोजींनीच लावून दिली, पण त्याआधी स्वतःच्या दुकानातून हाकलून. ते आधी सांगतो, कारण पुढे लागणार आहे.

क्लबाच्या आधी त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मी कॉलेज अर्धवट सोडून घरात लोळत होतो, म्हणून ताईने मला त्यांच्या गळ्यात मारलं. तिथे मी तीन महिने टिकलो. सोल्डर करताना, म्हणजे कथलाची तार वितळवून दोन टोकं जोडताना, जोड आपला आपण थंड होऊ द्यायचा असतो. तोवर हात हलवायचा नाही, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मला एवढा धीर कुठला? जोड लागला रे लागला की मी त्याच्यावर फुंकर मारायचो. अशाने जोड वरून लागलेला दिसतो आणि आतून कच्चा राहतो. आठवड्याभरात गिऱ्हाईक रेडिओ काखोटीला मारून परत दारात. "अरे, तो चहा आहे का फुंकर मारायला?" असं भावोजी पहिल्यांदा हसून म्हणाले. दुसऱ्यांदा न हसता म्हणाले. पुढे कितव्यांदा तरी त्यांनी माझ्या हातातून सोल्डर गन काढून घेतली, तिची वायर नीट गुंडाळली आणि म्हणाले, "तुझे हात चांगले आहेत. पण या कामाचे नाहीत."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून भावोजींनी कुठलंही यंत्र उघडलं की मी दोन पावलं लांब उभा राहायला लागलो. त्यांनी कधी जवळ बोलावलं नाही, मी कधी गेलो नाही.

माणूस मात्र लाखात एक. आपल्याच पावलांचा आवाज नको म्हणून क्लबात कापडी सपाता घालून फिरणार. किल्ल्या वाजू नयेत म्हणून जुडग्याला रबरबँड. ताई म्हणते, "यांच्याशी लग्न केलं आणि माझ्या भांड्यांनीसुद्धा आदळआपट सोडली." त्यांच्याकडे एक पुठ्ठ्याची जाड वही आहे. तिला ते आजारपणाची वही म्हणतात. कुठल्या यंत्राला काय झालं होतं, कसला आवाज येत होता, चालू केल्यापासून कितव्या मिनिटाला आला, काय उपाय केला, सगळं त्यात. आपण ज्याला सरसकट खरखर म्हणतो ते त्यांच्या वहीत खरखर, चुरचुर, किरकिर, घरघर, भुरभुर असं वेगवेगळं नोंदलेलं असतं, आणि एकाच्या जागी दुसरं लिहिलेलं त्यांना खपत नाही.

डीजेंच्या रात्री त्यांना फारसं काम नसतं, पण त्यातही त्यांनी आपली गंमत शोधलेली. डीजे आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मास्तर, बास अजून पाहिजे," म्हणजे खालचा दणका वाढवा. मास्तर मिक्सरच्या कोपऱ्यातलं एक मोठं काळं बटण गंभीरपणे थोडंसं फिरवतात आणि विचारतात, "आता?" डीजे डोळे मिटून मान डोलावतो, "हां, आता कसं!" त्या बटणाला मागून एकही वायर नाही. आजवर एकाच डीजेने ते ओळखलं. ती जिना साफ करायला येणाऱ्या मावशींची मुलगी होती. तिला मास्तरांनी त्याच दिवशी आपल्या खुर्चीत बसवून खरी बटणं दाखवली.

आणि प्रायोगिक बँड! आमच्याकडे महिन्यातून दोन संध्याकाळी ते असतात. सायकलच्या चाकावर व्हायोलिनचा गज ओढणारा माणूस आला होता, बर्फ वितळताना ऐकवणारे तिघं भाऊ आले होते. मी दारात बसून टवाळी करायचो. भावोजी एकदा मला म्हणाले, "काय वाजवायचं ते त्यांचं काम. ते स्वच्छ पोचवायचं हे माझं." बर्फासाठी त्यांनी तीन तास माईक इकडचा तिकडे केला होता. त्या संध्याकाळी परातीतल्या थेंबाचा आवाज माझ्या स्टुलापर्यंत आला आणि मी गुपचूप बसलो.

आता एका शब्दाबद्दल सांगायला हवं. तो शब्द म्हणजे 'बघा'. घरी ताई म्हणते, "अहो, पंखा जरा बघा." क्लबात कुणीतरी ओरडतं, "मास्तर, हा माईक बघा हो." तीस वर्षांत या माणसाला कुणी नुसतं बघायला म्हणून काही बघायला सांगितलेलं नाही. बघा म्हणजे उघडा. बघा म्हणजे दुरुस्त करा. ताईने एकदा नवी साडी नेसून विचारलं, "अहो, बघा ना." तर हे चष्मा शोधत विचारतात, "कुठे उसवलीय?"

तर त्या दिवशी दुपारी एक वाजता दोन माणसांचा एक बँड पहिल्यांदाच आमच्याकडे आला. एक बाई, तिशीची, दिवसा शाळेत गणित शिकवणारी. दुसरा तिचा जोडीदार, दार भरून टाकेल एवढा उंच आणि लाजाळू, जो पत्र्याचे तुकडे टांगून वाजवायचा. त्याला आम्ही लगेच पत्रेवाला म्हणायला लागलो. आणि तिसरे आजोबा. आजोबा म्हणजे एक जुनाट लाकडी अँप्लिफायर, पुढे भुरकट कापड, वर चिरलेली मूठ. दोघांनी तो जिन्यावरून इतक्या जपून उतरवला की मीही उठून दार धरलं.

स्टेजवर आजोबांना बसवलं, पत्रे टांगले, आणि दोघं जेवायला निघाली. जाता जाता गणिताच्या बाई जिन्यात वळून म्हणाल्या, "मास्तर, आम्ही चारपर्यंत येतो. तेवढं आमच्या आजोबांकडे बघाल ना?"

"बघतो की," भावोजी म्हणाले.

मी तिथेच होतो. मलासुद्धा काही वाटलं नाही.

भावोजींनी आजोबांना चालू केलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. उगाच उघडायचं नाही, आधी आजार पूर्ण ऐकायचा, ही त्यांची पद्धत. चाळीस मिनिटं तो माणूस हलला नाही. मधून मधून घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपायचा. मग आजोबांची पाठ उघडली. आत एक जोड तडकलेला होता. यंत्र तापलं की तो सुटायचा, धरायचा, पुन्हा सुटायचा. भावोजींनी जुनं कथील शोषून काढलं, टोकं घासली, नवा जोड मारला. मी माझ्या दोन पावलं लांबच्या जागेवरून बघितलं. नाण्यासारखा चकचकीत जोड होता. मग त्यांनी आजोबांना पुन्हा चालू केलं, आणि आजोबा गप्प. खोलीत नुसती शांतता. भावोजी इतके खूष झाले की त्यांनी ते भुरकट कापडसुद्धा ब्रशने झाडून दिलं.

चारला दोघं परत आली. गणिताच्या बाईंनी बटण दाबलं, कान जवळ नेला. थांबल्या. आवाज वाढवला. मग आजोबांच्या मागे गेल्या, पुढे आल्या.

"मास्तर, याला काय झालं?"

"काही नाही झालं आता," भावोजी आनंदाने म्हणाले. "एक जोड गेला होता. बघा म्हणालात ना, बघितलं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "लक्ष ठेवा म्हणाले होते हो मी," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावू नये म्हणून."

मग पत्रेवाल्याने सांगितलं. त्यांचं गाणं म्हणजे तो बिघाडच होता. आजोबा तापत जातात तसा त्यांचा आवाज बदलतो, आणि चाळीस मिनिटांचं सगळं वादन त्या तापण्यावर बेतलेलं. चार वर्षं बाई शाळेतून आल्यावर रोज आजोबांसमोर बसायच्या. कधी काय येणार, त्याला कुठे उत्तर द्यायचं, सगळं बसवत आणलं होतं. आज ते पहिल्यांदाच लोकांपुढे संपूर्ण वाजणार होतं. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं. साडेसातला कार्यक्रम.

भावोजींकडे बघवेना मला. एकोणीस वर्षांत त्यांच्या तळघरातून कुणी न वाजवता परत गेलं नव्हतं. ते सपाता ओढत मिक्सरकडे गेले आणि वही घेऊन आले. उघडून बाईंसमोर धरली, चूक कबूल करणाऱ्या पोराने धरावी तशी. मी मागून वाचलं.

"चार मि. – बारीक चुरचुर, तेल तापल्यासारखी. अकरा मि. – घरघर, खालच्या पट्टीत, मधे मधे अडते. वीस मि. – सगळं थांबतं. मग एक लांब उसासा, चार सेकंद. त्यानंतर भुरभुर, शेवटपर्यंत."

बाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. मग आपल्या पिशवीतून चौकटीची वही काढली, गणिताचीच, आणि शेजारी उघडून ठेवली. चार, अकरा, वीस. उसाशाला त्यांनीही उसासाच लिहिलं होतं.

"तुम्ही पूर्ण ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

"ऐकल्याशिवाय कसं कळणार काय झालंय ते?"

"माझ्या घरचेसुद्धा पाच मिनिटांच्या वर बसलेले नाहीत," बाई म्हणाल्या, आणि तिथेच स्टेजच्या कडेवर बसून रडल्या. मी पाणी आणायला म्हणून वर पळालो. खरं सांगायचं तर मलाही तिथे उभं राहवत नव्हतं.

परत आलो तेव्हा भावोजींनी आजोबांची पाठ उघडली होती. "मी परत बिघडवून देतो," ते म्हणत होते. "माझ्या कानात आहे ते सगळं."

पण बिघडवायला हात लागतात. भावोजींनी आपला चकचकीत जोड काढला आणि मुद्दाम वाईट मारायला बसले. झाला उत्तम. टोकं न घासता मारला, तरी उत्तम. अर्ध्या कथलात मारला, तो धरून बसला. प्रत्येक वेळी आजोबांना तापवायचं, दहा मिनिटं कान लावून बसायचं, आणि आजोबा सभ्य माणसासारखे गप्प. मग टेबलफॅन लावून थंड करायचं आणि पुन्हा पाठ उघडायची. पावणेसहा वाजले. भावोजींच्या कपाळावर घाम आला होता. तीस वर्षं त्यांनी त्या हातांना एकच गोष्ट शिकवली होती, आता ते हात दुसरं ऐकायला तयार नव्हते.

मी माझ्या दोन पावलं लांबच्या जागेवर उभा होतो. भावोजींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं काय येतंय ते.

"शिक्केबहाद्दर," ते म्हणाले, "इकडे ये."

"मी कशाला?"

"ये म्हणतो ना."

गेलो. त्यांनी सोल्डर गन माझ्या हातात दिली. बावीस वर्षांनी. मी म्हटलं, "भावोजी, मला जमत नाही हो हे."

"म्हणूनच," ते म्हणाले. पत्रेवाला हसला, बाईसुद्धा डोळे पुसता पुसता हसल्या. मला थोडं लागलं ते, पण हसू मलाही आवरेना.

तार लावली, कथील वितळलं, एक ठिपका बसला. मी श्वास धरून हात स्थिर ठेवला. बावीस वर्षं मनातल्या मनात मी हेच गिरवत आलो होतो, की पुन्हा संधी मिळाली तर फुंकर मारायची नाही.

"मार," भावोजी म्हणाले.

"काय?"

"फुंकर मार रे!"

मी फुंकर मारली. जोड वरच्यावर गोठला, राखाडी, खडबडीत, बघवेना असा. भावोजींनी भिंग लावून बघितला आणि कसनुसा चेहरा केला. पण हात लावला नाही. पाठ बंद करून आजोबांना चालू केलं. चौघं समोर जमिनीवर बसलो. चौथ्या मिनिटाला काही नाही. पाचव्या मिनिटाला आतून बारीकशी चुरचुर. बाईंनी माझा हात घट्ट धरला. बाराव्याला घरघर आली. भावोजी डोळे मिटून म्हणाले, "पट्टी तीच आहे. अडतेय पण तशीच." पण तेवढ्यात वरून क्लबाच्या मालकीणबाईंचा आवाज आला, की लोक रस्त्यावर जमायला लागलेत. आजोबांना थंड व्हायला तासभर तरी हवाच होता, नाहीतर सुरुवातीलाच सगळं चुकलं असतं. बंद करावं लागलं. उसासा येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "बघू," बाई म्हणाल्या, आणि या वेळी भावोजी जागचे हलले नाहीत.

साडेसातपर्यंत मी शिक्के मारले. कुणाच्या मनगटावर, कुणाच्या कोपरावर, एकाच्या शर्टाच्या बाहीवर. माझं लक्षच नव्हतं. खालून पत्रा वाजल्याचं ऐकलं तशी मी शाई आणि शिक्का मालकीणबाईंच्या हातात कोंबला आणि जिना उतरलो. त्या मागून काहीतरी ओरडल्या, ते मी सोयीस्करपणे ऐकलं नाही.

खाली साठ-सत्तर माणसं जमिनीवर मांडी घालून बसली होती. भावोजी मिक्सरमागे उभे. त्यांचा उजवा हात सारखा मिक्सरवरच्या आजोबांच्या बटणाकडे जायचा. घरघर सुरू झाली की ती दाबायची, इतक्या वर्षांची सवय. शेवटी त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि खिशातच मुठी आवळल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोन पावलं लांब नाही, खांद्याला खांदा लावून.

चुरचुर आली, बाईंनी बोटाच्या नखाने लाकडावर उत्तर दिलं. घरघर आली, पत्रेवाल्याने मोठा पत्रा नुसता हलवला आणि खोलीभर गार वारा सुटल्यासारखं वाटलं. मला संगीतातलं काही कळत नाही, पण ती दोघं आजोबांशी बोलत होती एवढं कळत होतं. विसाव्या मिनिटाला सगळं थांबलं. पत्रेवाल्याचा काडी धरलेला हात वर तसाच. बाईंनी तळवा आजोबांच्या टपावर ठेवला.

काही नाही.

एकवीस. कुणीतरी खोकलं. भावोजी घड्याळाकडे बघत नव्हते, ओठ हलत होते, सेकंद मोजत होते. बावीस. मी मनातल्या मनात त्या जोडाला म्हटलं, सूट रे बाबा, दुकानात कसा न सांगता सुटायचास.

तेविसाव्या मिनिटाला तो सुटला. लांब उसासा आला, चार सेकंदांचा नाही, सहा-सात सेकंदांचा असेल. दिवसभर उभं राहून दमलेलं माणूस खुर्चीत बसताना सोडतं तसा. आणि उसासा संपताना, आजोबांनी आजवर कधी केला नव्हता असा एक छोटासा आवाज. टुक. उचकी लागावी तसा. बाईंनी चमकून वर बघितलं. पत्रेवाल्याने वर धरलेली काडी खाली आणली आणि सगळ्यांत लहान पत्र्यावर अलगद उत्तर दिलं, टुक. लोक हसले, मग पुन्हा शांत झाले, आणि भुरभुर सुरू झाली ती शेवटपर्यंत.

टाळ्या वाजत राहिल्या. बाई स्टेजवरून मिक्सरकडे बघून काहीतरी म्हणत होत्या, ऐकू येत नव्हतं. भावोजींनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. माझेही डोळे भरले होते, आणि मी ते लपवले नाहीत.

गर्दी ओसरल्यावर आम्ही आजोबांपाशी गेलो. भावोजींनी पाठ उघडली आणि टॉर्च मारून माझा जोड कितीतरी वेळ बघत राहिले. मग खिशातून पेन काढून वहीत लिहिलं. आजार, मिनिटं, सगळं. उपायाच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव. क्लबात ते कुणाला ठाऊकही नाही.

"फार वाईट जोड आहे," ते म्हणाले. "कुणालाही हात लावू देऊ नकोस त्याला. मलासुद्धा."